सोप्या स्कॅनरचे गुणदोष

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें हल्लीं अमेरिकेंत राहतात. त्यांतील कांहीं मोठ्या शहरांत आहेत, तर कांहीं मध्य-पश्चिमेकडील मक्याच्या व गव्हाच्या मुलखांत, लहान गांवीं आहेत. त्यांच्या बोलण्यांत 'स्कॅनर' नांवाच्या एका बिनतारी यंत्राचा उल्लेख येतो. आणि ज्यांत कांहींच जुळणी करावी लागत नाहीं असा 'सोपा स्कॅनर' घ्यावा किंवा कसें, अशी विचारणाही होते. त्या विचारणेस एकदां सविस्तर उत्तर द्यावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

शेतकीच्या मासिकांत बिनतारी यंत्राची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. ज्या यंत्रावर शेतकरी आपलीं गुरेंढोरें, पीक व प्रसंगीं जीवही राखण्यासाठीं विसंबतो, तें यंत्र नांगराइतकेंच शेतकीचें आहे, असें आम्ही समजतों. शिवाय अवजार सोपें झालें म्हणजे काय मिळतें व काय हातचें जातें, हा प्रश्न आपणां कास्तकारांस नवा नाहीं.

स्कॅनर म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. घरांतील रेडिओ आपण लावूं तेवढें एकच स्टेशन ऐकवितो. स्कॅनर अनेक फ्रीक्वेन्सी एकामागून एक झपाट्यानें चाचपून पाहतो; जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतो, व बोलणें संपलें कीं पुढें चालूं लागतो. राखणदार रात्रीं मळ्याभोंवतीं फेऱ्या घालतो आणि जेथें सळसळ ऐकूं येईल तेथें उभा राहतो, तसाच हा प्रकार. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका, आगगाड्या, विमानें, रस्त्यांवरील पथकें यांचें आपसांतील बोलणें त्यावर ऐकतां येतें. उलट बोलतां मात्र येत नाहीं; यंत्रास कान आहेत, तोंड नाहीं.

पूर्वीं या यंत्राची जुळणी हेंच मोठें काम होतें. आरंभींच्या स्कॅनरांत प्रत्येक फ्रीक्वेन्सीसाठीं एकेक स्फटिक विकत आणून बसवावा लागे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत स्फटिकावांचून चालणारीं यंत्रें निघालीं. बेअरकॅट मालेंतील एका यंत्रावर लहान खटक्यांची ओळ असे. पुस्तकांत पाहून कोणता खटका वर व कोणता खालीं, हें दर फ्रीक्वेन्सीस लावीत बसावें लागे. त्यानंतर अंकांचीं बटणें आलीं, तेव्हां काम पुष्कळच सुकर झालें. गांवच्या अग्निशामक दलाची एक फ्रीक्वेन्सी, शेरिफची एक, रेल्वेची एखादी, एवढा सगळा संसार कागदाच्या एका चिटोऱ्यावर मावत असे.

अडचण उत्पन्न झाली ती 'ट्रंकिंग' पद्धतीमुळें. ज्यांनीं नाशिक-धुळ्याकडील फड पद्धतीची पाणीवांटणी पाहिली आहे, त्यांस ही पद्धत चटकन समजेल. पाट मोजके व शेतें पुष्कळ. कोणत्या वेळीं पाणी कोणाकडे वळवावयाचें हें पाटकरी पाहतो. ट्रंकिंगमध्येंही फ्रीक्वेन्सी मोजक्या आणि बोलणारे गट पुष्कळ. कोणत्या गटास त्या क्षणीं कोणती फ्रीक्वेन्सी द्यावयाची हें एक नियंत्रक लहर सांगत असते, आणि ही वांटणी प्रत्येक बोलण्यागणिक बदलूं शकते. ऐकणाऱ्यानें एकाच फ्रीक्वेन्सीवर कान लावून बसणें व्यर्थ; त्यानें पाटकऱ्याचा हुकूम ऐकून त्याबरोबर धांवलें पाहिजे. त्यासाठीं नियंत्रक लहरी, मनोऱ्यांचीं ठिकाणें, गटांचे क्रमांक हें सर्व यंत्रांत भरावें लागतें, व एकेका राज्यव्यापी जाळ्यांत असे क्रमांक शेंकड्यांनीं असतात. त्यांतच १९८९ सालीं हातीं घेतलेल्या 'प्रोजेक्ट २५' या मानकाप्रमाणें बोलणें अंकरूप होऊन जाऊं लागलें. परिणाम असा झाला कीं, हौसेनें स्कॅनर आणलेला मनुष्य पुस्तिका उघडून बसे, दोन रात्री झगडे, आणि शेवटीं यंत्र फडताळांत ठेवून देई.

या स्थितींत २०१० सालीं युनिडेन कंपनीनें 'होमपेट्रोल' नांवाचा स्कॅनर काढला. त्यावर बटणांची गर्दी नव्हती. बोटानें स्पर्श करावयाचा एक पडदा होता. यंत्र चालू केल्यावर त्यावर आपला झिप कोड, म्हणजे आपल्याकडे ज्यास पिनकोड म्हणतात तो, द्यावयाचा, आणि पोलीस, आग, रुग्णवाहिका यांपैकीं काय ऐकावयाचें तें निवडावयाचें. इतकें केलें कीं यंत्र बोलूं लागे. सबंध अमेरिका व कॅनडा या देशांतील बिनतारी जाळ्यांची माहिती आंतील एका नखाएवढ्या कार्डावर आधींच भरलेली असे. दिलेल्या ठिकाणाच्या आसपासची तेवढी निवडून घेण्याचें काम यंत्र आपण होऊन करी. कोण बोलत आहे त्याचें नांव पडद्यावर उमटे. गेलेलें बोलणें पुन्हां ऐकण्याची सोय होती. जीपीएसचें उपकरण जोडलें तर मोटार एका कौंटींतून दुसऱ्या कौंटींत जातांच मागचें सोडून पुढचें ऐकूं येई. पुढें याच कंपनीनें हीच रीत आपल्या दुसऱ्या यंत्रांत आणली, आणि २०१८ सालच्या 'एसडीएस-१००' या हातांत धरण्याच्या यंत्रांतही ती आहे. व्हिस्लर कंपनीच्या 'टीआरएक्स' मालेनेंही झिप कोडाचाच मार्ग धरला होता.

या युक्तीचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. जुनें यंत्र मालकास विचारी, 'कोणती फ्रीक्वेन्सी?' नवें विचारतें, 'आपण राहतां कोठें?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर हौशी मंडळीखेरीज कोणास ठाऊक नसे. दुसऱ्याचें उत्तर घरांतील आजीबाईसही देतां येतें. यंत्र करणाऱ्यानें मालकाच्या ज्ञानाचा ठाव घेऊन तेथून आरंभ करावा, ही गोष्ट दुर्मिळ आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक पंपांच्या व फवारणीयंत्रांच्या पुस्तिका वाचल्या म्हणजे ती किती दुर्मिळ आहे हें कळतें.

आतां हें सगळें शेतकऱ्याच्या कामास कसें येतें तें पाहूं. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर टेक्सासच्या उत्तर टोंकाकडील पॅनहँडल भागांत 'स्मोकहाउस क्रीक' या नांवानें ओळखला जाणारा वणवा पेटला. त्यांत दहा लाख एकरांहून अधिक जमीन होरपळली व हजारों गुरें मेलीं. त्या राज्याच्या नोंदींतील हा सर्वांत मोठा वणवा होय. अशा माळरानांत अग्निशामक दल म्हणजे बहुधा गांवच्याच स्वयंसेवकांचें पथक असतें. शेतकरी स्वतःच्या गाडीवर पाण्याची टांकी चढवून धांवतात, व तव्यांचा कुळव फिरवून जाळपट्टा काढतात. वणवा लांबलचक पसरलेला असतां वारा फिरला, तर जी त्याची कड होती तेंच त्याचें तोंड होतें, व कित्येक मैलांची आग एकदम आडवी चालूं लागते. त्या वेळीं, कोणता रस्ता बंद झाला, कोणत्या बाजूचें कुंपण तोडून गुरें सोडावीं, हें पथकांच्या आपसांतील बोलण्यांतून जितक्या लवकर कळतें, तितकें अधिकृत सूचनेंतून कळेलच असें नाहीं. सूचना कोणीतरी लिहितो, कोणीतरी ती पसंत करतो, मग ती निघते. पथकाचा म्होरक्या मात्र डोळ्यांपुढें दिसतें तें त्याच क्षणीं बोलत असतो.

दुसरें उदाहरण आयोवाचें. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या १० तारखेस 'डेरेचो' म्हणून ओळखलें जाणारें सरळ रेषेंत धांवणारें वादळ त्या राज्यावरून गेलें. वाऱ्याचा वेग कांहीं ठिकाणीं ताशीं १४० मैलांपर्यंत गेला असावा असा अंदाज करण्यांत आला. लक्षावधि एकरांवरील मका आडवा झाला, धान्याचे पत्र्याचे कणगे चुरगळून गेले, वीज गेली, आणि पुष्कळ ठिकाणीं मोबाइल फोनही मुके झाले. अशा दिवशीं हवेंतून थेट लहरी पकडणारें व बॅटरीवर चालणारें साधें यंत्र घरीं असणें म्हणजे काय, हें ज्यांनीं महापुरांत किंवा चक्रीवादळांत चार दिवस अंधारांत काढले आहेत त्यांस निराळें सांगावयास नको.

येथवर गुण झाले. दोषांचा विचार अधिक बारकाईनें केला पाहिजे. कारण गुण विक्रेता सांगतोच.

पहिला दोष असा कीं, या यंत्राचें शहाणपण उसनें आहे. कार्डावर भरलेला माहितीकोश कंपनीनें स्वतः हिंडून जमविलेला नाहीं. 'रेडिओरेफरन्स' या नांवाच्या संग्रहांतून तो घेतला जातो, आणि तो संग्रह देशभरच्या हौशी ऐकणाऱ्यांनीं, आपापल्या भागांतील लहरी रात्र-रात्र चाचपून, आपखुषीनें तयार केलेला आहे. जेथें असे चार जाणते लोक आहेत, त्या कौंटीची माहिती बिनचूक असण्याचा संभव अधिक. जेथें वस्ती विरळ, तेथें माहितीही विरळ. म्हणजे ज्या दूरच्या शेतकऱ्यास यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वांट्यास अपुरी यादी येण्याचें भय आहे. कोशाची नवी प्रत दर आठवड्यास निघते खरी; पण ती आपोआप यंत्रांत उतरत नाहीं. संगणक पाहिजे, त्यावर कंपनीचें 'सेंटिनेल' नांवाचें साधन पाहिजे, तार जोडली पाहिजे. झिप कोड दिला कीं काम झालें, असें ज्यास सांगितलें गेलें, तो मनुष्य हें कधीं करीत नाहीं. मग दोन वर्षांनीं गांवचें पथक नव्या जाळ्यावर गेलेलें असतें आणि यंत्र जुन्याच बांधावर उभें राहून वाट पाहत असतें. असे बदल तेथें झालेले आहेत: २०१३ च्या आरंभापासून जुन्या रुंद पट्ट्यांऐवजीं अरुंद पट्टे सक्तीचे झाले, व त्या सुमारास कित्येक दलांच्या नोंदी पालटल्या.

संकरित बियाण्याचा अनुभव येथें आठवतो. पुडी फोडावी, पेरावें, उगवण चांगली, पीक भरघोस. त्यांत खोटें कांहीं नाहीं. पण पुढल्या हंगामीं घरचें बी ठेवतां येत नाहीं, दुकानाची पायरी चढावीच लागते. आणि बी कसें निवडावें, कसें राखावें, हें ज्ञान एका पिढींत घरांतून निघून जातें. सोप्या स्कॅनरच्या मालकाचेंही तसेंच होतें. यंत्र बोलत आहे तोंवर तो सुखी. ज्या दिवशीं तें गप्प होईल त्या दिवशीं, बॅटरी उतरली, एरियल सैल झाली, मनोरा बदलला, कीं खरोखरच कोणी बोलत नाहीं, हें ओळखण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें. हातानें फ्रीक्वेन्सी भरणाऱ्या जुन्या माणसास कष्ट पडत. पण आपल्या गांवच्या दलाची लहर कोणती, मनोरा कोणत्या टेकडीवर आहे, हें त्याच्या जिभेवर असे. म्हणून संकरित बी टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं, व सोपा स्कॅनरही टाकून द्यावा असें नाहीं. मूठभर घरचें बी मात्र माळ्यावर असावें.

दुसरा दोष अतिरेकाचा. ठिकाण सांगितलें कीं यंत्र आसपासचें सगळेंच उचलतें: शेजारच्या तीन कौंट्या, त्यांचीं रस्तेखातीं, शाळांच्या मोटारी, दवाखाने. इतक्या ठिकाणीं फेरी घालून येईपर्यंत आपल्या गांवच्या दलाचें अर्धें वाक्य निघून जातें. सगळ्या गांवचीं गाऱ्हाणीं ऐकावयास बसलेल्या पाटलास स्वतःच्या वाड्याला लागलेली आग शेवटीं कळावी, तशी ही गत. उपाय आहे: अंतराची मर्यादा कमी करणें, नको तीं खातीं वगळणें, आणि आवडीची छोटी यादी करून तेवढीच चालू ठेवणें. पण हा उपाय करूं लागलें कीं मनुष्य पुन्हां जुळणीच्या कामाला लागला. सोपेपणा दारांतून गेला तो खिडकींतून बाहेर.

तिसऱ्या दोषाबद्दल विक्रेते फार बोलत नाहींत. जुळणी सोपी असणें आणि यंत्रास ऐकूं येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला होमपेट्रोल प्रोजेक्ट २५ च्या पहिल्या टप्प्याचें बोलणें समजे. दुसऱ्या टप्प्याचें, ज्यांत एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन बोलणीं आळीपाळीनें बसविलेलीं असतात तें, त्यास समजत नसे. तें 'होमपेट्रोल-२' मध्यें आलें. एकच बोलणें अनेक मनोऱ्यांवरून एकाच फ्रीक्वेन्सीवर एकदम सोडण्याची पद्धतही आहे. दोन डोंगरांवरून येणारे प्रतिध्वनि दरींत एकमेकांत मिसळावेत, तशा या लहरी घोटाळतात, आणि साधा स्कॅनर तुटक, घोगरें असें कांहीं तरी ऐकवितो. या दुखण्यावर खरा उतारा पडला तो एसडीएस-१०० मध्यें. त्याहीवर डीएमआर किंवा एनएक्सडीएन या दुसऱ्या अंकरूप पद्धती ऐकावयाच्या, तर मूळ किंमतीखेरीज निराळे पैसे भरून त्या उघडून घ्याव्या लागतात. मूळ किंमतच शेंकडों डॉलरांची. तेव्हां आपल्या कौंटींत कोणती पद्धत चालते हें न पाहतां यंत्र घेणें म्हणजे विहिरीची खोली न मोजतां पंप घेणें होय.

या सर्वांहून मोठी गोष्ट अद्याप सांगावयाची आहे. ती यंत्राचा दोष नव्हे. काळाचा फेरा म्हणावा. अमेरिकेंतील पोलीस दलें आपल्या बोलण्यास एन्क्रिप्शनचें कुलूप लावूं लागलीं आहेत. डेन्व्हरच्या पोलिसांनीं २०१९ सालीं तें केलें. शिकागोनें २०२२ पासून तीच वाट धरली, आणि लोकांस ऐकावयास अर्ध्या तासानें शिळें केलेलें बोलणें ठेवलें. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीं २०२३ सालीं आरंभ केला. कॅलिफोर्नियांत २०२० सालीं राज्याच्या न्यायखात्यानें, लोकांची खासगी माहिती उघड्या लहरींवर जातां कामा नये, अशी सूचना काढल्यावर अनेक दलांनीं कुलूप लावणें पसंत केलें. एकदां कुलूप लागलें म्हणजे पांच डॉलरांचा असो वा सातशें डॉलरांचा, कोणताही स्कॅनर तें उघडूं शकत नाहीं, व उघडण्याचा प्रयत्न करणें कायद्यासही धरून नाहीं.

पोलिसांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. एखाद्या मनुष्याचें नांव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक हवेंत मोठ्यानें वाचला जावा व तो कोणीही टिपून घ्यावा, हें बरें नव्हे. आणि चोरानें पोलिसांचेंच बोलणें ऐकत पळ काढावा, हेंही नव्हे. परंतु आग, पूर, रस्ता, रुग्णवाहिकेची वाट यांस कुलूप घालण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. वणव्याच्या रात्रीं शेजारच्या दोन कौंट्यांचीं पथकें व पन्नास शेतकरी एकाच माळावर झुंजत असतां, ज्यास जितकें अधिक ऐकूं येईल तितकें बरें. पोलिसांच्या कुलुपाबरोबर अग्निशामक दलाचेंही दार सहज म्हणून लावून टाकलें जातें कीं काय, याकडे तेथील शेतकऱ्यांनीं आपल्या कौंटीच्या सभेंत लक्ष ठेवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशा सभा तेथें उघड्या असतात व नागरिकांस बोलूं दिलें जातें.

सोप्या यंत्राच्या बाबतींत या कुलुपाचा एक विशेष धोका आहे. यंत्राच्या यादींत दलाचें नांव असतें, पडदा उजळलेला असतो, फेरी चालू असते. फक्त आवाज येत नाहीं. घरच्या मनुष्यास वाटतें, आज गांवांत सर्व शांत आहे. ज्यानें हातानें जुळणी केली, तो शंका घेतो. ज्यास सगळें तयार मिळालें, तो विश्वास ठेवतो.

मग घ्यावें काय? ज्यास मुख्यतः हवामानाचा इशारा पाहिजे, त्यानें स्कॅनरच्या वाटेस जाऊंच नये. अमेरिकेच्या हवामानखात्याचें 'नोआ वेदर रेडिओ' हें स्वतंत्र जाळें आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ यांमधील सात फ्रीक्वेन्सींवर, एक हजारांहून अधिक प्रक्षेपकांवरून, तें अहोरात्र बोलत असतें. त्यासाठीं निराळा लहान रेडिओ स्कॅनरच्या कितीतरी कमी किंमतीस मिळतो. त्यांत आपल्या कौंटीचा सहा आंकडी संकेत एकदां भरला, कीं तो उशाशीं गप्प पडून राहतो. आपल्या कौंटीवर संकट येऊं घातलें म्हणजे मध्यरात्रींही किंचाळून उठवितो. रात्रभर बडबडणारा स्कॅनर मनुष्य झोंपतांना बंद करतो, आणि चक्रीवात रात्रींही येतात. शेतावरील घरांत पहिला मान या लहान रेडिओचा असावा. स्कॅनर त्याच्या मागून.

ज्याच्या कौंटींतील दलें अजून जुन्या साध्या पद्धतीनेंच बोलतात, त्यानें हातानें जुळविण्याचा साधा स्कॅनर घ्यावा. युनिडेनचा 'बीसी-१२५-एटी' हा त्या जातीचा आहे. त्यांत पांचशें फ्रीक्वेन्सी राहतात, विमानांचें व आगगाड्यांचें बोलणेंही ऐकूं येतें, पण अंकरूप बोलणें मुळींच समजत नाहीं. एका संध्याकाळचें काम आहे; शाळेंत जाणारा मुलगा तें आनंदानें करील, आणि त्याबरोबर चार गोष्टी शिकेल. जेथें राज्यव्यापी अंकरूप जाळें आहे व अग्निशामक दलास कुलूप नाहीं, तेथेंच झिप कोडाचा महाग स्कॅनर आपली किंमत वसूल करून देतो. फोनवर फुकट ऐकण्याचीही सोय आहे: कोणीतरी आपल्या घरचा स्कॅनर इंटरनेटला जोडून ठेवतो व तो जगभर ऐकूं येतो. येथें बसून मुलाच्या गांवची खबर घ्यावयास तें ठीक आहे. पण तें कांहीं क्षण मागें असतें, त्या अनोळखी गृहस्थाच्या मर्जीवर चालतें, आणि आयोवाच्या वादळासारख्या दिवशीं, नेमकें जेव्हां हवें तेव्हां, फोनबरोबर तेंही जातें.

कोणतेंही यंत्र घेतलें तरी एरियलवर खर्च करण्यास कचरूं नये. यंत्राबरोबर येणारी रबरी शेपटी शहरांत पुरते. पंचवीस मैलांवरील मनोरा ऐकावयाचा तर छपरावर नीट एरियल पाहिजे. यंत्रावर भरपूर पैसे ओतून एरियलपाशीं हात आंखडणारे लोक पाहिले म्हणजे उत्तम बी आणून उथळ नांगरट करणाऱ्यांची आठवण होते.

कायद्याविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत उघडें बोलणें घरीं बसून ऐकणें सामान्यतः गुन्हा नाहीं. पण ऐकलेलें आपल्या फायद्यासाठीं वापरण्यास १९३४ च्या दळणवळण कायद्यापासून मनाई आहे, आणि मोबाइल फोनच्या ठरावीक पट्ट्या ऐकणारे स्कॅनर १९९४ पासून तेथें करतां वा आयात करतां येत नाहींत. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा या राज्यांत मोटारींत स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत. सबब मुलगा यंत्र गाडींत ठेवणार असेल तर आधीं आपल्या राज्याचा नियम पाहावा. कायद्याबाहेरचीही एक गोष्ट आहे. लहान गांवांत रुग्णवाहिका कोणाच्या दारीं गेली हें स्कॅनर सांगतो. तें ऐकून मदतीला धांवणारा शेजारी निराळा, आणि दुसऱ्या दिवशीं दुकानाच्या ओट्यावर त्याची कथा करणारा निराळा. यंत्र दोघांस सारखेंच ऐकवितें.

आणि जे सुट्टींत घरीं येणार आहेत त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, हौसेनें तें यंत्र पेटींत घालून येथें आणूं नये. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्यावांचून असें साधन जवळ बाळगण्यास बंदी केली होती, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंही बिनतारी उपकरण जवळ ठेवण्यास सरकारी अधिकृतता लागते असेंच धोरण ठेविलें आहे. शिवाय कार्डावरचा कोश अमेरिका व कॅनडा यांचा. बारामतीचा किंवा जळगांवचा पिनकोड त्यास कांहीं सांगत नाहीं. विजेच्या इशाऱ्यासाठीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें 'दामिनी' व पिकांच्या हवामानसल्ल्यासाठीं 'मेघदूत' हीं फोनवरील साधनें येथें विनामूल्य मिळतात, व तींही 'आपण कोठें आहां' हाच प्रश्न आधीं विचारतात. तीं ज्यांनीं अद्याप फोनवर घेतलीं नसतील, त्यांनीं घरच्या मुलांकडून तीं घालून घ्यावींत, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं चालतात कीं नाहीं हें एकदां उघडून पाहावें.